फिजिशियन असिस्टंटची क्लिनिकल पोस्टिंग: बडोद्यातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याच्या एका खाजगी रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया विभागात फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात पीए, आहे. आमच्याकडे पोस्टिंगला, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष शिकायला, येणाऱ्या मुलामुलींना वॉर्डात शिकवायचं कामही माझ्याकडे असतं. दांडिया बाजार, रावपुरा, वाघोडिया रोड अशा भागांतल्या मराठी घरांतून दर वर्षी जूनमध्ये फोन सुरू होतात. मुलाने किंवा मुलीने हा कोर्स घेतलेला असतो आणि हॉस्पिटलात नेमकं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून काढली आहेत. कॉलेज कुठलंही असो, वॉर्डातलं काम बरंचसं सारखंच असतं.

पीए म्हणजे डॉक्टर की नर्स? नातेवाइकांना काय सांगायचं?

दोन्ही नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची हिस्टरी (आजाराची पूर्वमाहिती) घेणं, तपासणी करणं, नोंदी ठेवणं, ठरलेली उपचारयोजना पुढे नेणं, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मदत करणं आणि रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगणं, हे काम करायला शिकलेली व्यक्ती म्हणजे पीए. पेशा अमेरिकेतला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय सेवा केलेल्या माणसांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला आणि १९६७ साली त्यातले तिघे शिकून बाहेर पडले. भारतात सुरुवात झाली १९९२ साली, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. म्हणून आपल्याकडे आजही सगळ्यात जास्त रुळलेले पीए हृदयशस्त्रक्रियेत दिसतात.

२०२१ साली संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत या पेशाचं नाव ‘फिजिशियन असोसिएट’ असं आहे. त्यामुळे कॉलेजच्या कागदावर असोसिएट आणि वॉर्डात असिस्टंट असं दिसलं तर गोंधळू नका.

आणि आजीने शेजारी ‘आमची नात डॉक्टर होतेय’ असं सांगितलं, तर प्रेमाने पण तिथल्या तिथे दुरुस्त करा. घरात लागलेली सवय वॉर्डात तुमच्याबरोबर येते.

पोस्टिंग आणि इंटर्नशिप यात फरक काय?

कोर्स साधारणपणे चार वर्षांचा असतो. तीन वर्षं शिक्षण आणि शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या तीन वर्षांत वर्गाबरोबर ज्या ठरावीक तासांसाठी वॉर्ड, ओपीडी, ओटीत जाता ती पोस्टिंग. तिथे तुम्ही विद्यार्थी असता, कामाचा भार तुमच्यावर नसतो. इंटर्नशिपला पूर्ण वेळ ड्यूटी लागते, रात्रपाळी लागते, हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती) घ्यावा आणि द्यावा लागतो. पोस्टिंगमध्ये जे नुसतं बघितलं ते इंटर्नशिपमध्ये करायला लागतं. पोस्टिंग ‘हजेरीपुरती’ म्हणून घालवलेली मुलं त्या वर्षी पहिल्या आठवड्यातच ओळखू येतात.

कुठकुठल्या विभागांत जावं लागतं?

मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग आणि प्रसूती, अस्थिरोग, इमर्जन्सी, आयसीयू हे बहुतेक ठिकाणी असतंच. त्यानंतर हृदयरोग, मूत्रपिंड, मेंदूविकार असे विभाग कॉलेज ज्या रुग्णालयाशी जोडलेलं असेल त्याप्रमाणे. अमेरिकेत फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, इमर्जन्सी, सर्जरी, बालरोग, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य या सातांचा अनुभव प्रत्येकाला घ्यावाच लागतो. आपल्याकडे मानसिक आरोग्य बरेचदा मागे राहतं. तुमच्या वेळापत्रकात नसेल तर मागून घ्या. छातीत धडधड म्हणून येणारे, झोप नाही म्हणून येणारे, दारू सुटत नाही म्हणून आणलेले रुग्ण तुम्हाला प्रत्येक विभागात भेटणार आहेत.

मेडिसिनची पोस्टिंग मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि मुलांना ती सगळ्यात कंटाळवाणी वाटते. तिथे ‘करायला’ काही नसतं, बोलायचं आणि बघायचं असतं. बडोद्यात छोटा उदेपूर, दाहोद, नर्मदा जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हाडं-सांधे दुखतात, अंगात रक्त कमी आहे, डोळे पिवळसर आहेत अशी विशीतली मुलगी समोर आली, तर ‘घरात कुणाला सिकल आहे का, लहानपणी कधी रक्त चढवलंय का’ हे विचारल्याशिवाय उठायचं नाही. तिला ताप आणि छातीत दुखणं असेल तर ते लगेच सिनियरच्या कानावर घालायचं. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. वॉर्डात त्या अभियानाचा अर्थ हा एक प्रश्न विचारण्यापासून सुरू होतो.

इमर्जन्सीची पोस्टिंग जानेवारीत आली तर मन तयार ठेवा. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणला, पतंगाच्या दोरीने गळा कापलेले दुचाकीस्वार आणि गच्चीवरून पडलेली मुलं येतात. गळ्याची जखम बघितली की नवख्या मुलांचा हात आपोआप तिच्यात डोकावायला जातो. तो मागे घ्या. स्वच्छ गॉजने थेट दाब द्यायचा, श्वास आणि आवाज नीट आहे का बघायचं, बाकीचं सर्जन बघतील. त्वचेखालचा प्लॅटिस्मा स्नायू फाटला असेल तर ती जखम इमर्जन्सीच्या टेबलावर चाचपायची नसते.

पहिल्या दिवशी बरोबर काय न्यावं?

सेकंदकाटा असलेलं घड्याळ, स्टेथोस्कोप, छोटा टॉर्च, मोजपट्टी, दोन पेनं, खिशात मावणारी वही. नखं कापलेली, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत, मनगटावरचे धागे काढलेले. पायात पुढून बंद बूट.

यादीत सगळ्यात वर ज्याची जागा आहे ते बाजारात मिळत नाही: हेपॅटायटिस बीचे तीन डोस. ०, १ आणि ६ महिने असा तो क्रम असतो, म्हणजे प्रवेश मिळाल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी तपासून घ्या, ती १० किंवा त्याहून जास्त हवी. कॉलेज विचारेल याची वाट बघू नका.

माझं गुजराती बोलण्यापुरतं ठीक आहे. वॉर्डात अडेल का?

सुरुवातीला अडतं. आम्ही बडोद्यात वाढलेलो, शाळेत-बाजारात गुजराती बोललेलो, त्यामुळे आपल्याला भाषा येते अशी खात्री असते. पण भाजी घ्यायची गुजराती आणि दुखणं सांगायची गुजराती वेगळी आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक आजी म्हणाल्या, ‘पगे खाली चढे छे.’ मी वहीत लिहिलं, पाय रिकामे वाटतात, चढताना त्रास. खरं तर ‘खाली चढवी’ म्हणजे मुंग्या येणं, बधिरपणा. त्या बाईंना पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि त्या तळपायाच्या मज्जातंतूंचं दुखणं सांगत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी मला अर्थ सांगितला, नाहीतर ती नोंद तशीच राहिली असती.

असे शब्द जमवा. उबका म्हणजे मळमळ. पेटमां चूंक म्हणजे पिळवटून येणारी कळ. झाडा म्हणजे जुलाब. खंजवाळ म्हणजे खाज. कळतर म्हणजे अंग मोडून येणं. आणि सगळ्यात मोठा शब्द ‘गभरामण’. मराठी कान त्याचा अर्थ घाबरणं असा लावतो. रुग्णासाठी गभरामण म्हणजे छातीत दडपण असू शकतं, दम लागणं असू शकतं, घाम फुटून साखर उतरणं असू शकतं, आणि खरोखरची भीतीही असू शकते. म्हणून भाषांतर करून पुढे जायचं नाही. ‘बा, क्यारथी थाय छे? बेठां बेठां थाय छे के चालतां?’ असं विचारत शब्द उकलायचा. मधुमेहाच्या रुग्णांत आणि वयस्क बायकांत हृदयविकाराचा झटका कधीकधी एवढंच सांगून येतो, छातीत कळ येतच नाही. अशा वेळी ईसीजी काढायला सांगितलं म्हणून अजून कुणी कुणाला रागावलेलं मी पाहिलं नाही.

पेशंटशी गुजराती, फाइलमध्ये इंग्रजी आणि डोक्यात मराठी, असा आपला दिवस जातो. रुग्णाचे मूळ शब्द वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा, म्हणजे राउंडला कुणी विचारलं तर परत तिथपर्यंत जाता येतं. संबोधन तिथलंच वापरा: काका, मासी, बा, भाई, बेन. ‘ए, सात नंबर’ असं कधीही नाही.

सकाळच्या राउंडला आमच्याकडून काय अपेक्षा असते?

एवढीच, की तुमच्या खाटेवरच्या माणसाबद्दल तुम्ही जे सांगाल ते तुम्ही स्वतः पाहिलेलं, मोजलेलं, विचारलेलं असावं.

याचं मोल मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगते. तिसऱ्या वर्षाची मेडिसिनची पोस्टिंग. एका सत्तरीच्या बाईंना न्यूमोनिया होता. सकाळी सहाला मी व्हायटल्स घेतले. नाडी मोजली, बीपी घेतलं, ताप बघितला. श्वासाच्या रकान्यात आदल्या दिवसभर १८, १८, १८ लिहिलेलं होतं, मीही १८ लिहिलं. मोजलं नव्हतं. राउंडला डॉक्टर मॅडम आल्या, मी प्रेझेंट केलं, म्हणजे रुग्णाची माहिती सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. बाईंच्या पोटावर हलकेच हात ठेवून त्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि एक मिनिटभर आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. त्या मिनिटात मला दिसलं, जे सकाळी सहाला दिसायला हवं होतं. नाकपुड्या फुलत होत्या. मानेतले स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखे वर येत होते. साडीचा पदर भराभर हलत होता. मॅडम म्हणाल्या, ‘चौतीस.’ अर्ध्या तासात बाईंना आयसीयूत हलवलं. नऊ दिवसांनी त्या घरी गेल्या, पण माझ्या त्या एका आकड्याने त्यांचे दोन-तीन तास गेले होते आणि ते त्यांच्याकडे फारसे नव्हते.

श्वास पूर्ण साठ सेकंद मोजायचा. प्रौढ माणसाचा स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० असतो. रुग्णाला ‘श्वास मोजतेय’ असं सांगायचं नाही, नाहीतर त्याचा श्वास बदलतो. नाडी धरून ठेवल्यासारखा हात मनगटावर ठेवायचा आणि नजर छातीवर. रुग्ण बिघडायला लागतो तेव्हा बीपी बऱ्याचदा शेवटी पडतं, श्वास आधी वाढतो. आणि वॉर्डात नेमका तोच आकडा सगळ्यात जास्त वेळा न मोजता लिहिला जातो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिले तीन दिवस बाकी काही न देता श्वास मोजायला बसवते. त्यांना तो वेळ फुकट गेला असं वाटतं. वाटू दे.

प्रेझेंट करायची पद्धत सोपी आहे. कोण आहे, वय काय, जुने आजार कुठले, कशासाठी आले, कधीपासून. रात्री काय बदललं. व्हायटल्स. तपासणीत काय सापडलं. रिपोर्ट काय आले. तुम्हाला काय वाटतं आणि आज काय करायला हवं. दोन-तीन मिनिटांत संपलं पाहिजे. ‘तुम्हाला काय वाटतं’ हा भाग गाळू नका. चुकेल, पण चुकल्यावरच कुणीतरी तुम्हाला विचार कसा करायचा ते दाखवेल.

औषधांची हिस्टरी घेताना तोंडी उत्तरावर थांबू नका. ‘गोळ्यांची पिशवी आहे का?’ असं विचारा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कात्रीने कापलेल्या स्ट्रिप असतात, निम्म्यांवर नावच उरलेलं नसतं, मध्येच शेजाऱ्याने दिलेली दुखण्याची गोळी असते, देशी दवेची पुडी असते. मूत्रपिंड का बिघडलं याचं उत्तर कित्येकदा त्या पिशवीत असतं.

‘मला माहीत नाही’ म्हटलं तर मार्क जातात का?

‘माहीत नाही, बघून सांगते’ म्हणालात आणि दुपारपर्यंत बघून सांगितलंत तर नाही जात. अंदाजाने ठोकून दिलेलं पकडलं गेलं तर मात्र जातात, आणि विश्वास जातो, जो परत यायला महिने लागतात.

हाताने काय काय करायला मिळतं? आणि कशाला हात लावायचा नाही?

आधी बघायचं, मग देखरेखीखाली करायचं, मग एकट्याने करायचं, आणि हा क्रम प्रत्येक गोष्टीसाठी पहिल्यापासून. रक्त काढणं, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावणं, ईसीजी, ड्रेसिंग, टाके काढणं, लघवीची नळी, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी). छाती दाबून सीपीआर देणं तर मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, आधीच पक्कं झालेलं हवं. प्रत्येक वेळी रुग्णाला आपलं नाव आणि ‘मी विद्यार्थी आहे’ हे सांगून परवानगी घ्यायची. रुग्ण नको म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. तो त्याचा हक्क आहे. कॅन्युलाचे दोन प्रयत्न फसले की तिसरा दुसऱ्याने करायचा. स्त्रीरुग्णाची तपासणी बरोबर बाई असल्याशिवाय नाही, विद्यार्थिनीनेही सिस्टरना बोलावून घ्यावं.

आता जे करायचं नाही ते. प्रिस्क्रिप्शनवर स्वतःच्या नावाने सही नाही. मृत्यूचा दाखला नाही. मारहाण, विषबाधा, भाजणं, अपघात अशा एमएलसीच्या (पोलिसांकडे जाणाऱ्या प्रकरणांच्या) कागदांवर मत लिहायचं नाही. संमतीपत्रकावर रुग्णाला ‘इथे सही करा’ म्हणून धोका समजावण्याचं डॉक्टरांचं काम आपण उरकायचं नाही. आणि प्रसूती विभागात कुणीही, अगदी सख्ख्या काकूने विचारलं तरी, गर्भाच्या लिंगाबद्दल एक शब्द नाही, हातवारा नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

फोन खिशात. रुग्णाचा, जखमेचा, एक्सरेचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर गेला तर माझ्याकडची पोस्टिंग त्या दिवशी संपते. बाकी चुकांना मी दुसरी संधी देते, याला नाही.

ओटीत नुसतं कोपऱ्यात उभं करतात. त्यातून काय शिकणार?

उभं राहणं हेच पहिलं शिक्षण आहे. कुठली हिरवी चादर निर्जंतुक आहे, कुठे हात लागू द्यायचा नाही, कोण कुठून फिरतं, हे अंगात भिनल्याशिवाय कुणी तुम्हाला टेबलाजवळ घेणार नाही. आपला हात लागला असं वाटलं तर लगेच, मोठ्याने सांगा. न सांगितलेला स्पर्श रुग्णाला जंतुसंसर्ग देतो. तो सांगणाऱ्याला मी आजवर मनातून शाबासकीच दिली आहे, वरून सिस्टर कितीही रागावल्या तरी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची तपासणी-यादी आणली. भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि रुग्ण ओटीबाहेर न्यायच्या आधी असे तीन थांबे. चीर घ्यायच्या आधी सगळे हातातलं काम थांबवून रुग्णाचं नाव, बाजू, शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणतात. त्या वेळी विद्यार्थ्यानेही ऐकायचं असतं, कागदाशी ताडून बघायचं असतं.

आमच्या विभागात पुढे जाऊन पीए पायातली सॅफेनस शीर काढायला शिकतात, जी बायपाससाठी वापरतात. शीर ओढली, चिमटली की तिचं आतलं अस्तर दुखावतं आणि पुढे ती लवकर बंद पडू शकते. म्हणून हाताला हळुवारपणा लागतो, तो घाईने येत नाही. शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत मी मुलांना तासातासाची लघवी बघायला लावते. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीच्या खाली नको, म्हणजे किलोमागे अर्धा मिली. छातीच्या नळ्यांतून येणारं रक्त अचानक वाढलं तरी धोका आणि अचानक थांबलं तरी धोका, कारण नळी गुठळीने बंद झाली असेल तर रक्त हृदयाभोवती साचत जातं.

उभ्या उभ्या चक्कर आली तर मागे सरून जमिनीवर बसा. उपाशीपोटी ओटीत जाऊ नका, एवढं केलं तरी बहुतेकांची चक्कर टळते.

सुई टोचली तर?

घाबरून जखम पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सांगा. ‘लगेच’ म्हणजे ड्यूटी संपल्यावर नाही. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नसतो, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. रुग्णाचं रक्त तपासलं जातं, तुमचं तपासलं जातं, नोंद होते. लस घेतली नसेल तर हेपॅटायटिस बीचा धोका एचआयव्हीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून वर लसीसाठी इतकं सांगितलं.

मुलं लपवतात, कारण ओरडा बसेल असं वाटतं. सुईचं टोपण परत लावताना बऱ्याचदा टोचतं, तर ते लावायचंच नाही. सुया थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल डब्यात, काच निळ्यात. हा डबा चुकला तर सुई टोचते ती कचरा उचलणाऱ्या भाईला, ज्याला कुणी लस दिली की नाही हेही कुणी विचारलेलं नसतं.

आम्हाला फक्त फायली उचलायला आणि रिपोर्ट आणायला पाठवतात. तक्रार करावी का?

माझ्यावरही ही वेळ आली होती. एका रुग्णालयातल्या पोस्टिंगमध्ये पूर्ण महिना आम्ही चौघी लॅब आणि वॉर्ड यांच्या मध्ये चालत होतो, आणि शेवटी लॉगबुकवर, म्हणजे काय काय केलं त्याच्या नोंदवहीवर, एकगठ्ठा सह्या मिळाल्या. तीस रुग्णांच्या हिस्टरी घेतल्या असं त्यात लिहिलेलं होतं. मी तीन घेतल्या होत्या. मी तेव्हा काही बोलले नाही आणि त्याची सल अजून आहे, कारण त्या विभागातलं ज्ञान मला पुढे नोकरीत, रुग्णांच्या समोर, घाईघाईने भरून काढावं लागलं.

म्हणून हो, बोला. थोडीफार ने-आण सगळेच करतात, रेसिडेंटही करतात, त्यात कमीपणा नाही. पण आठवडाभर एकही रुग्ण तपासायला मिळाला नाही तर विभागातल्या सिनियरना ‘मला आज एक केस घेऊन तुम्हाला प्रेझेंट करायची आहे, वेळ द्याल का?’ असं विचारा. बहुतेक जण देतात. तरीही नाही झालं तर कॉलेजच्या पोस्टिंग समन्वयकांना तारखांसकट लेखी कळवा. आणि न केलेल्या गोष्टीवर लॉगबुकात सही घेऊ नका, मिळत असली तरी.

सिस्टर रागावतात, एमबीबीएसचे इंटर्न आम्हाला मोजत नाहीत.

सिस्टर वीस वर्षं त्या वॉर्डात आहेत. त्यांच्या ट्रॉलीवरून न विचारता वस्तू उचलू नका, वापरलेली जागेवर ठेवा, कॅन्युला लावल्यावर रक्ताचे थेंब स्वतः पुसा. राग निम्मा ओसरतो. उरलेल्या निम्म्यात बरंच शिकायला असतं.

इंटर्नशी स्पर्धा करू नका. त्यांचं शिक्षण वेगळं, जबाबदारी वेगळी.

मुलगी रात्रपाळी करणार. सुरक्षेचं काय?

हा प्रश्न आईवडील जरा दबक्या आवाजात विचारतात. मोकळेपणाने विचारा, तो तुमचा अधिकार आहे. विद्यार्थिनींसाठी कडी असलेली वेगळी ड्यूटी रूम आहे का, ती वॉर्डाच्या जवळ आहे की लांबच्या मजल्यावर, रात्री ये-जा करायला सुरक्षारक्षक असतो का, अंतर्गत तक्रार समितीची नावं कुठे लावली आहेत. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे ही समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलीला एवढंच सांगा की रात्री काही खटकलं तर ‘गैरसमज असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही.

गरब्याच्या नऊ रात्री सुट्टी मिळते का?

नाही. पाळी आपसात बदलून घेता येते, समन्वयकांना आधी कळवून. रात्री तीनपर्यंत गरबा खेळून सकाळी सातला इन्सुलिनचे आकडे वाचणं मी चालवून घेत नाही.

पेशंट डोळ्यांसमोर गेला तर?

जाईल. पहिला जातो तेव्हा बऱ्याच मुलांना त्यांचे हात कुठे ठेवायचे हेच कळत नाही. नातेवाइकांना बातमी सांगायचं काम डॉक्टरांचं, तुम्ही पुढे होऊन सांगू नका. पण बाजूला उभं राहता येतं, खुर्ची सरकवता येते, पाणी देता येतं. नळ्या काढून चेहरा पुसताना सिस्टरना मदत करा. मी अजूनही करते. नंतर रडू आलं तर ड्यूटी रूममध्ये रडा, घरी जेवल्याशिवाय झोपू नका, आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल तर कुणाशी तरी बोला.

पुढे अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जाता येईल का?

आपल्या पदवीवर थेट नाही. अमेरिकेत परवान्यासाठी ३०० प्रश्नांची पॅन्स परीक्षा द्यावी लागते, आणि ती तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधून शिकलेल्यांनाच देता येते. म्हणजे तिथे जाऊन सुमारे २७ महिन्यांचा कोर्स पुन्हा करायचा, त्यात साधारण २००० तास पोस्टिंगचे. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४ पासून या पेशाची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली आणि २०२५ मध्ये तिथे कामाच्या मर्यादांवरून मोठा आढावाही झाला. एजंट काय म्हणतो त्यावर पैसे भरू नका, त्या देशाच्या नोंदणी संस्थेची अट स्वतः वाचा.

कॉलेज निवडताना पोस्टिंगबद्दल काय विचारावं?

रुग्णालय कॉलेजचं स्वतःचं आहे की करारावर, किती खाटांचं, आणि करार किती वर्षांचा. एका शिकवणाऱ्यामागे वॉर्डात किती विद्यार्थी असतात. इंटर्नशिपला स्टायपेंड आहे का, किती, लेखी आहे का. नोंदणीसाठी लागणारे कागद कॉलेज देतं का.

माहितीपत्रक घरी वाचा. पण एकदा सकाळी साडेआठला त्या रुग्णालयात जा, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा आणि विचारा, ‘या आठवड्यात तू किती पेशंट स्वतः तपासून प्रेझेंट केलेस?’